दम

पाजपंढरीच्या वाळूत पहिली मध्यरेषा ओढली
बारकू चोगल्यानं, वल्ह्याच्या टोकानं.
अडकलेला नांगर सोडवायला तोच बुडी मारी,
म्हणून हुतूतूत त्याचा दम तुटायचा नाही.

त्याचा हसुराम, म्हणजे माझा बाप, डावा चढाईपटू,
खेळाच्या कोट्यातून एसटीत कंडक्टर.
गुडघ्याला पट्टा बांधून दापोली-हर्णै, दापोली-हर्णै.
चषक सात. एकात आई खडेमीठ ठेवते.

मला संघात घेतलं तेव्हा
मंडळातले दोघं उठून गेले.

परवा खेडला शेवटच्या चढाईत पकड झाली,
मध्यरेषा वीतभर राहिली.
परतीच्या गाडीत बापानं माझंही तिकीट फाडलं,
पैसे खिशातून घातले, बोलला नाही.

रात्री ताटाशेजारी वीत टेकवून म्हणाला,
"एवढंच ना?
एवढ्याच पाण्यासाठी तुझा आजा वर आला नव्हता."
मग बांगड्याचं डोकं
माझ्या ताटात वाढलं.