तक्रार क्रमांक एकसष्ट

बेचाळीस वर्षं भाडं गोळा करतोय मी या वूस्टर गावात.
तीन लाकडी घरं, एकेकाला तीन मजले,
नऊ बिऱ्हाडं, नऊ फोडण्यांचे नऊ वास,
आणि पट्ट्याला किल्ल्यांचा असा झुबका
की मी दिसायच्या आधीच जिन्यातली भांडणं थांबतात.

याकुबाउस्कस हे आडनाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही.
तोंडावर 'मिस्टर जे' म्हणतात.
पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे,
पातळ असतात या घरांच्या भिंती.

सगळे नग पाहिले.
एकाने न्हाणीघराच्या टबात हिरवी घोरपड पाळली होती,
म्हणाला, पाहुणी आहे, शनिवारी जाईल.
एकाने सात महिने थकवले,
त्याची आजी तेवढ्यात तीनदा वारली,
आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री
हातावर तुरी देऊन पसार झाला.
जाताना पितळी नळ उपटून नेले.
पाणी खालच्या मजल्यावर उतरलं आणि तिथेच गोठलं.
घरात पहारीने बर्फ फोडलाय मी.

कोर्टात उभा राहिलो एकवीस वेळा.
सतरा जिंकलो.
जिंकून परतताना गाडीत रेडिओ लावत नाही,
का, ते विचारू नका.
सामान फुटपाथवर येतं तेव्हा
गादी भिंतीशी उभी करून ठेवतात.
तिच्यावरचा माणसाचा खळगा अख्ख्या रस्त्याला दिसतो.

पण खरं छळलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या लिरिये प्रिफ्तीने.
अल्बानियातली, कोर्चा गावची, गणिताची मास्तरीण.
इथे शाळेतच होती, पण ताटं विसळायला.
भाडं एक तारखेला, पाकिटात, मोजून.
आणि भाड्याला चिकटून तक्रार. क्रमांक घालून.
क्रमांक चार: खिडकी बंद होत नाही.
क्रमांक पाच: खिडकी उघडत नाही.
क्रमांक चाळीस: क्रमांक चारचे उत्तर मिळालेले नाही.
बायकोला म्हणायचो,
ही बाई स्वर्गात गेली तर तिथेही गळती शोधेल.
कागद फेकले नाहीत मात्र. कोर्टात लागतात.
बुटांच्या खोक्यात टाकत गेलो.

ऑक्टोबरात जागा सोडली तिने.
ओव्हनसुद्धा घासून ठेवलेला.
डिपॉझिटमधून काय कापता येईल
ते शोधायला खोकं उघडलं,
खोटं कशाला बोलू.

क्रमांक एकसष्ट:
जिन्याची सातवी पायरी वाजते.
एवढं मी तेव्हा वाचलं होतं.
त्याच दुपारी दोन लांब स्क्रू ठोकून आलो,
एवढी तत्परता आयुष्यात दाखवली नसेल.
खालची ओळ आज वाचली:
कृपया दुरुस्त करू नये.
गेझिम ब्रेडच्या कारखान्यातून रात्री तीनला येतो.
पायरी वाजली की मला झोप लागते.

क्रमांक बासष्ट:
पायरी आता वाजत नाही. आभारी आहे.

त्रेसष्ट: फ्रिज दोन वाजून दहा मिनिटांनी गुरगुरतो.
चौसष्ट: समोरचा दिवा पावणेतीनला लुकलुकतो.
पासष्ट: साडेतीनला रेडिएटर खोकतो.
आणि असंच पुढे एकशे बारापर्यंत,
एकही तक्रार दिवसाची नाही.

नवा पत्ता तिने दिलेला नाही.
डिपॉझिट पूर्ण, व्याजासकट,
गेझिमच्या नावाने कारखान्यात पाठवलं.
पोच आलेली नाही अजून.

काल रात्री स्क्रू काढले दोन्ही.
पाय दिला. गप्प.
लाकूड बसलंय आता, त्याची सवय मोडली.
एकाहत्तर वर्षांचा बाप्या मी,
सातव्या पायरीवर उभा,
कधी टाचेवर, कधी चवड्यावर भार टाकत.

वर तिसऱ्या मजल्यावर नव्या भाडेकरणीने दार किलकिलं केलं.
कोण आहे?

मी, म्हटलं. मिस्टर जे.
दुरुस्ती चालू आहे.