तेपेनावाक : माहितीचा तक्ता

कचेरीत एकच खिडकी धड उघडते,
तीही ज्वालामुखीच्या बाजूची.
राजधानीतून तक्ता आलाय, शुक्रवारपर्यंत भरून पाठवायचा,
आणि कीबोर्डच्या फटींत रात्रीची राख.
म्हणून आधी पेन्सिलीनं.

नाव : सान इसिद्रो तेपेनावाक.
पहिले दोन शब्द पाद्र्यांनी आणले,
शेवटचा इथलाच. डोंगराला लागून.

उंची : दोन हजार चारशे मीटर,
चौकातल्या कोरड्या कारंज्यापाशी.
एर्मेलिंदाबाईंचं घर आणखी दोनशे वर आहे,
पण तिथवर मोजायला कुणी चढलं नाही.
सर्वेक्षणाचे साहेब खालूनच फोटो काढून गेले.
दुरून डोंगर साजरे, तेव्हा तर तो धुरावतही होता.

लोकसंख्या : चार हजार एकशे बारा.
इथे मी थांबते.
न्यू जर्सीत भांडी विसळणारे धरायचे की नाही?
त्यांच्या पैशांची दुमजली घरं तर आहेत.
निकानोर तोश्कीच्या घराला अकरा खिडक्या,
आत मक्याची कणसं,
आणि वरच्या सज्जातून रस्त्याकडे बघणारी
एक टर्की कोंबडी.

पिकं : मका, अक्रोड, तेहोकोते, राजगिरा.
राजगिऱ्याच्या वडीला इथे ‘आनंद’ म्हणतात.
पाच पेसोंना एक. सहा घेतले तर
फिदेन्सिओ सातवा आनंद फुकट देतो.

धोके : ज्वालामुखी.
नैसर्गिक संपत्ती :
काळी माती, झरे, उतारावरचं पाइनचं रान,
म्हणजे पुन्हा तोच.
दोन रकान्यांत एकच शब्द चालत नाही,
मागच्या वेळी तक्ता परत आला होता.

बचावमार्ग : आहे. मध्ये दोन ठिकाणी नाही.
त्या डिसेंबरात सतरा बसगाड्या आल्या होत्या.
सगळे चढले, देवळातली मूर्तीसुद्धा,
मांडीवर, ब्लँकेटात.
तिसऱ्या दिवशी एउस्तोलिओ चालत परत आला.
डुकरांना कोण सांगणार, म्हणाला,
की दिवा लाल झालाय?
मग एकेक करत सगळेच आले.
सैनिकांनी आधी अडवलं,
मग तहान लागली म्हणून पाणी मागितलं.

बाहेर खराटे सुरू झालेत.
इथे आकाश राख घालतं,
रांगोळी खराटाच काढतो,
आणि दुपारपर्यंत दोन्ही पुसून जातात.

मार्चात त्याला नवा कोट नेतात वरती,
टोपी, मोले, थोडं मेस्काल.
माप कोण घेतं, विचारलं मी एकदा.
एर्मेलिंदाबाई म्हणाल्या,
खांद्यात जरा उसवून ठेवायचा. वाढतं वय आहे.

मी लोकसंख्येवर परत येते.
दोन खोडते. तीन करते.
तिकडे कुणी विचारणार नाही.
बेरीज कोण तपासतं.