उणे आठ

सेतूबालची रात्रशाळा, खोली क्रमांक सात.
मंगळवारी बीजगणित, गुरुवारी उरलेलं सगळं.
बाकं लहान मुलांची. त्यांत गुडघे दुमडून बसतात
बसचालक तोमे, ज्याचा संभाव्यतेवर राग आहे
("पिशवीत लाल मणी किती, ते सांगूनच टाकलंय.
मग काढून बघायचं कशाला?"),
ओर्तेंसिया, जी श्रेढीतलं पुढचं पद अचूक सांगते
आणि कसं आलं विचारलं की लाजते,
आणि पहिल्या बाकावर देओलिंदा, वय अठ्ठावन्न,
पेन्सिल सुरीसारखी धरणारी.

गुणोत्तर तिला शिकवावं लागलं नाही.
मिठाला पाणी किती, हे तिच्या बोटांना
माझ्या जन्माआधीपासून ठाऊक.
एकदा फळ्यावरचं माझं उत्तर वाचून म्हणाली,
"एवढ्या मिठात मासा नाही, सर, माणूस मुरेल."
पाहिलं तर दशांश चिन्ह घसरलं होतं.

त्या मंगळवारचं उदाहरण साधंच.
आई एकेचाळीस वर्षांची, मुलगी एकोणीस.
किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या तिप्पट होईल?

समजा, क्ष वर्षांनी.

"समजा काय समजा," तोमे म्हणाला, "असेल ते सांगा."
देओलिंदा 'समजा'पाशी अडत नाही.
४१ + क्ष = ३(१९ + क्ष)
कंस सोडवला. सत्तावन्न अलीकडे, क्ष पलीकडे.
पक्ष बदलला की चिन्ह बदलतं,
"माणसांचंही," ती दर वेळी पुटपुटते.
आणि तळाशी उत्तर आलं: उणे आठ.

खोडलं. पुन्हा केलं. उणे आठ.
तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला.
"चूक कुठं आहे ते दिसत नाही," म्हणाली,
जिभेवर काटा शोधावा तशी.

चूक नाही, मी म्हटलं. प्रश्नाचं तोंड भलत्या दिशेला आहे.
तो पुढचं विचारतोय, आणि ते होऊन गेलंय.
आठ वर्षांपूर्वी. आई तेहतीस, मुलगी अकरा.

बाकीचे गेले. ती बसून राहिली.

"अकरा," ती म्हणाली.
"रात्री दोनला कारखान्याचा भोंगा झाला. होड्या भरून आल्या होत्या.
आईनं उठवलं. ओट्याला हात पुरेनात,
म्हणून पालथ्या खोक्यावर उभं केलं मला.
पाटीवर भागाकार अर्धा राहिला होता.
धाकट्यानं सकाळी त्याच्यावर होडी काढली."

मग बोटांवर काहीतरी मोजलं, दोनदा.
"आमच्यातही बावीसच, सर. म्हणजे तेव्हा ती तेहतीस.
माझी धाकटी आज चौतीस आहे.
तिला अजून स्वतःचे बूट सापडत नाहीत."

मला काही सुचेना, म्हणून शिक्षकासारखं बोललो:
अंतर कायम राहतं. बावीस ते बावीसच.
गुणोत्तर मात्र दर वर्षी थोडं उतरतं,
तिप्पट, दुप्पट, मग दीडपट,
एकाच्या जवळ जातं. पोचत नाही.

"आणि आत्ता?"
ऐंशीला अठ्ठावन्न. म्हणजे चाळीसाला एकोणतीस.
तिनं ते समासात लिहून घेतलं
आणि भोवती चौकट काढली, उत्तराला काढतात तशी.

गुरुवारी आली ती ओल्या कोटातच.
"आईला दाखवलं उदाहरण. उणे आठ बघून म्हणाली,
उणे म्हणजे उधारी. कोणाकडे राहिलीय?"
तुम्ही काय म्हणालात?
"म्हटलं, ताळा करून सांगते."
आणि हसली नाही, पण हसण्याच्या जवळ गेली.

मग पर्समधून खरीच सुरी काढून
पेन्सिलीला टोक केलं, साल वहीत झेललं,
मागे वळून तोमेला गप्प बसवलं आणि विचारलं,
"आज संभाव्यता ना?
पिशवी आणलीत का खरी?"