सात नंबरचा स्टँड

रात्री अकरा वीसला हैदराबादचं विमान
इंदूरला उतरून सात नंबरवर येऊन थांबतं.
पंखांखालची इंजिनं निवतात.
शेपटीतलं एक धाकटं मात्र निवत नाही.
दिवे आणि गारवा पुरवायचं त्याचं काम,
सगळी माणसं उतरून गेली तरी ते सुरूच,
झोप येत असून न झोपणाऱ्या पोरासारखं.

त्याला गप्प करायची ड्यूटी माझी.
मनगटाएवढी जाड पिवळी केबल
खांद्यावरून ओढत न्यायची, नाकाजवळच्या खाचेत बसवायची,
हिरवा दिवा लागला की वर बघून अंगठा दाखवायचा.
मग वैमानिकाच्या मनात आलं तर तो बटण दाबतो.
मनात आलं तर.

मे महिन्यात येत नाही.
"भिया, अंदर भट्टी हो री है," चौकसे जिन्यावरून सांगतो,
आणि मी वहीत लिहितो:
बावीस मिनिटं. एकतीस. सत्तेचाळीस.

वही बिडवईकर मॅडमनी दिलेली.
त्या भोपाळहून आल्या, आठ दिवस नुसत्या मोजत राहिल्या:
दिवे, पंखे, चिलरचे तास,
दारं किती वेळ उघडी राहतात तेसुद्धा.
बेल्ट नंबर दोनवर कुणाची तरी विसरलेली आंब्याची पेटी
रात्रभर प्रदक्षिणा घालत होती.
मॅडम तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, हसल्या नाहीत.
आता सामान नसलं की बेल्ट आपोआप थांबतो.

त्यांनीच सांगितलं, ते धाकटं इंजिन
मिनिटाला दोन लिटरच्या वर पितं.
काय पितं? नाव मोठं आहे, पण जात रॉकेलचीच.
सत्तेचाळीस मिनिटं म्हणजे शंभर लिटरच्या वर, मी गुणाकार केला,
आणि परदेशीपुऱ्यातल्या रेशनच्या दुकानापुढे
पत्र्याचा डबा घेऊन उभी असलेली आई आठवली.
महिन्याला पाच लिटर. तेही आलं तर.
वडील मिलमध्ये फिटर. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की विचारायचे,
"हा कुणाच्या तीर्थरूपांच्या खर्चानं जळतोय?"
त्यांचे तीर्थरूप कधीच वारलेले होते.

धावपट्टीच्या कडेचे दिवे बदलले त्या हिवाळ्यात.
जुन्यांच्या काचेला चुकून हात लागला तर फोड यायचा,
नवे गार, उजेड तेवढाच, वीज निम्म्याहून कमी.
सगळे खूश. मीही.
फक्त डिसेंबरातल्या एका पहाटे, दुरुस्तीला गेलो तेव्हा
एक टिटवी नव्या दिव्याला चिकटून उभी होती,
पिसं फुलवून, बराच वेळ.
मग एक पाऊल सरकून पुढच्या दिव्यापाशी गेली.
मग त्याच्या पुढच्या.
मॅडमच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.
तिला तिथं बसूच द्यायचं नसतं, हेही खरं.

हे सगळं सांगायचं कारण, परवाची रात्र.
नवरात्रातली, सहावी की सातवी माळ.
केबल लावली, अंगठा दाखवला,
आणि वरच्या खिडकीतून एका पोरसवदा बाईनं अंगठा परत दाखवला.
शेपटीतला आवाज खाली खाली उतरत गेला
आणि संपला.

सतरा वर्षं झाली मला या फरशीवर.
इथं असं काही ऐकू येतं हे माहीत नव्हतं.
तापलेल्या ब्रेकचा टकटक आवाज.
चौकसेचा खोकला, जो तो सिगरेट सोडलीय म्हणून लपवतो.
आणि लांबून, बिजासनच्या टेकडीवरून,
घंटा.
कुणीतरी उशिरा चढलं असणार.
चौकसेनं कानातलं रबर काढलं, पुन्हा घातलं नाही.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

वहीत लिहिलं: तीन मिनिटं.

सकाळी सहाला ते विमान उडालं.
पहिल्याच चढणीत त्यानं काय जाळलं
ते मला विचारू नका, ते माझ्या वहीत येत नाही.
माझ्याकडे फक्त उभं असतानाचा हिशेब.
चौकसे म्हणतो, समुद्रातून चमचा काढल्यासारखं आहे हे.
असेल.

केबल गुंडाळून खिळ्याला लावली.
अजून कोमट होती.