ट्रायल

देवांगना वलथरेनं सायकल दुकानासमोर टेकवली
तेव्हा मी बंडीच्या टायरशी झटत होतो.
"काका, इले पाहून द्या जरा."
जाड टायर, पुढं शॉकअप, एकवीस गिअर.
त्यातले जिवंत किती, तिलाही सांगता येईना.

दोन वर्षं ती देवगडकडं
समुद्राच्या कड्यावरून पाहुणे फिरवायची,
ती पुढं, ते मागं, हेल्मेट घालून.
शेवटच्या पगाराच्या जागी मालकानं ही टेकवली
आणि तीन गाड्या बदलून
दोघी चिखलटोल्याला उतरल्या.
बाकी हिशोब तिनं सांगितला नाही,
मी विचारला नाही.

चेन हातात घेतली. गंज.
पण आपल्याकडचा नव्हे.
आपला गंज कोंड्यासारखा झडतो, फुंकर मारली की उडतो.
हा कडीकडीत शिरून बसलेला, केशरी, रवाळ.
कुणी बघत नाहीसं पाहून
बोट जिभेला लावलं.

खारट.

बासष्ट वर्षांत समुद्र पाहिला नाही मी.
आला तो असा,
ग्रीसमध्ये कालवून, दाताखाली कचकचत.

आठ दिवस लागले.
ब्रेकला लुनाची केबल, सीटला रेक्झिन,
चेन गोंदियाहून नवी.
आणि माझ्या दुकानाचा नियम आहे,
दुरुस्त केलं की ट्रायल मीच घेणार,
मग ते बाळाचं तीनचाकी का असेना
(ते हातानं ढकलून).

तलावाच्या पाळीवर मोह गळत होता.
ती पुढं, शाळेत मिळालेल्या निळ्या सायकलवर,
जिचा मडगार्ड मीच दोनदा ठोकलाय.
मागं न वळता ओरडली,
"काका, पान्याकडं पाहू नोका!
जिकडं पाहासान, तिकडं चाक जाते."

तुडुमापाशी उतार.
पोटात आतडं हललं.
मग ऐनाच्या मुळ्या, एकीवर दुसरी,
शॉकअप दोन्ही हातांत ससा धरल्यासारखा उड्या मारतो.
मग आटलेल्या काठावरची
म्हशींच्या खुरांची वाळून दगड झालेली छापं,
दात वाजले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
एवढं आयुष्य सायकली उलट्या टांगून पाहिल्या.
सुलट्या अशा असतात होय!

आणि डावीकडं पाणी.
सकाळी साडेसहाचं, कथलाच्या पत्र्यासारखं,
त्यावर इस्तारीचा डोंगा, आणि त्यानं
जाळं फेकलं,
ते उघडत, उघडत

चाक गेलं तिकडं.

गुडघाभर चिखल. कमळाची देठं कानाला.
डोंग्यावरून इस्तारी, तिचा बाप,
"मिस्त्री, मासोरी पाह्यजे होती त सांगाचं ना गा!"

देवांगना धावत आली.
आधी सायकल उचलली,
पुढचं चाक फिरवून आरा पाहिला,
मग मला हात दिला.
कारागीर पोरगी.
म्हणाली, "तिकडं बी रोज एकजण पडाचा,
समुद्र पाहता पाहता."
"आन तू?"
"मी कुठं पाह्यला, काका.
मी रस्ता पाहो."

मग ती काठावर बसली.
बुटातला खडा काढायला, असं वाटलं.
खडा निघाला, फेकला, बूट तसाच हातात.
बाप जाळं ओढत होता तिकडं बघत बसली,
किती वेळ, घड्याळात चिखल गेला होता.

पैसे अर्धे दिले, अर्धे धानावर.
परवा आली, बाभळीचा काटा, पंक्चर.
म्हणे तिकडं काटे नव्हते.

जुनी चेन भंगारात टाकली नाही,
दुकानात खिळ्याला टांगलीय.
ढगाळ सकाळी शटर उघडतो
तेव्हा पाने, पान्ह्यांची पेटी, रिमा, सगळं लोखंड कोरडं असतं.
ही एकटी ओलावलेली.
मी फडक्यानं पुसतो.
दुपारपर्यंत परत.