सहा मिलिमीटर

सकाळी सव्वानऊला इन्क्युबेटर उघडते.
४४१७. जखमेतला पू, अस्थिरोग, खाट अकरा.
काल ताटलीवर गुलाबी, फुगीर वसाहती होत्या,
कडी लावली की तार धरत वर येणाऱ्या,
सुताला द्यायची खळ तशी.
आमच्या घरी खळ पातेल्यात शिजायची,
म्हणून यंत्राच्या आधी हाताला कळलं :
क्लेबसिएला.

आज दोन ताटल्या, बारा चकत्या, बारा औषधं.
प्रत्येकीने रात्रभरात आपल्याभोवती
थोडं अंगण झाडून ठेवायचं असतं.
कुणीच झाडलेलं नाही.
जंतू पार उंबऱ्याला खेटून बसलेत,
जेवायची पंगत उठायची वाट बघत असल्यासारखे.

मी तरी पट्टी लावते. नियम आहे.
सहा मिलिमीटर. सहा. सहा.
सहा म्हणजे नुसती चकती.
सहा म्हणजे काही नाही,
पण रजिस्टरात 'काही नाही' लिहायला रकाना नाही.
मेरोपेनेमपाशी चष्मा काढून पुसला.
सहा.

वडील साखर पेठेत जकार्डचे पुठ्ठे टोचायचे.
एका मागावर नवा मोर आला
की पंधरवड्यात गल्लीभर मोर.
चोरी कुणी म्हणायचं नाही.
"कार्ड दे की जरा," एवढंच.
शेजाऱ्याला मोर काढायला शिकावं लागत नाही,
पुठ्ठा सरकवला की चादरीवर मोर.
जंतूही असंच एक इवलं कडं
एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात सरकवतात,
जातीबाहेरच्यालाही देतात.
कॉलेजात हे शिकवलं तेव्हा
वर्गात मी एकटीच हसले होते.

खिडकीशी रिपोर्टला मुलगी उभी.
आई अंबुबाई म्याकल. विड्या वळते.
मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं.
"आम्ही मोडलेलं हाड घेऊन आलो होतो, मॅडम.
हा किडा आमच्या घरचा नाही."
तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

दुपारी वॉर्डात स्वॅब घ्यायला गेले.
खाटेचा कठडा. सलाईनचा स्टँड. ड्रेसिंगची ट्रॉली.
शेंडगे सिस्टर म्हणाल्या, माझ्या हाताचा पण घ्या,
घ्याच. चाळीस पेशंटला आम्ही दोघी,
आणि टाकीत पाणी चौथ्या दिवसाचं.
मी घेतला. त्यांनी हात खूप वेळ तसाच पुढे धरला होता.
मग बेसिन.
उरलेलं सलाईन, अर्धं राहिलेलं इंजेक्शन,
चहाचे कप, फरशीचं पाणी,
सगळं याच जाळीतून खाली जातं.
खाली कोण जेवतं, कुणी वाकून बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी
सिस्टरच्या हातावर काही नाही. कठड्यावर काही नाही.
जाळीखालच्या स्वॅबवर खळ.
तार धरणारी, गुलाबी. चकत्या लावल्या :
सहा, सहा, सहा.
'स्रोत' या रकान्यात सर म्हणाले, 'पर्यावरणीय' लिहा.
मी 'बेसिन' लिहिलं.
जागा उरली होती, म्हणून 'आपलं' हेही लिहिलं.
ते त्यांनी खोडलं. बेसिन राहू दिलं.

एक औषध उरलंय, कोलिस्टिन.
जुनं, मूत्रपिंडाला जड, म्हणून अडगळीत टाकलेलं.
त्याला चकती चालत नाही, नळ्या लावाव्या लागतात.
पहिली गढूळ. दुसरी गढूळ. तिसरी,
उजेडाला धरून धरून बघितली, गढूळच.
चौथीमागे टेबलावरचा पेपर धरला.
अक्षरं दिसली.
पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक होतं,
आमच्या भागाला उद्या, पहाटे चार ते सहा.

चौथीवर खूण केली.
वॉर्डात फोन लावला. उचलेपर्यंत
बाटलीतल्या पाण्याने हात धुतले,
कोपरापर्यंत,
नखांच्या आत,
बाटली संपली तरी.