सदोष प्रती

काचेमागच्या माणसानं विचारलं,
कशावर काम करता?
मी म्हटलं, चिलटांवर.
तो हसला नाही.
काचेखालून एक रंगीत कागद सरकवला
आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

त्याला आज सत्तेचाळीस दिवस.

जेल रोडच्या या दोन खोल्यांत
मी रोज सकाळी केस नंबर टाकते,
रोज तेच उत्तर.
आई कणीक मळता मळता विचारते, "आलं का?"
आणि स्वतःच म्हणते, "येईल."
जिन्यात बोराडेकाकू भेटतात, "सुट्टी वाढली वाटतं?"
मी हो म्हणते. सोपं पडतं.

बाबा काही विचारत नाहीत.
बत्तीस वर्षं ते प्रेसमध्ये होते, तपासणीला.
पासपोर्टाच्या कोऱ्या पुस्तिका इथूनच निघतात, नाशिकरोडहून.
म्हणजे आम्ही दोघं इथलेच:
मी बिटकोच्या दवाखान्यातली,
तो भोंग्याच्या भिंतीआडचा.
बाबांनी स्वतःचा कधी काढला नाही.
"कुठं जायचंय मला."

शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
एखाद्या सिंहाच्या आयाळीत केसाएवढी तूट,
त्यांना चष्म्याआधी अंगठ्याला कळायची.
सदोष प्रत बाजूला. मोजायची. सही करायची.
मग समोर उभं राहून
तिचा चुरा होताना बघायचा.
एकही चूक कुंपणाबाहेर जाता कामा नये.

मी तिकडे नेमकं उलटं करते.
चिलटांना गुंगी देते, भिंगाखाली पसरते,
मऊ कुंचल्यानं एकेक परतते
आणि सदोष प्रत शोधते.
डोळे पांढरे निघाले, पंख मुडपलेले निघाले
की त्या दिवशी दुपारचं जेवण गोड लागतं.
तिला वेगळी बाटली, तिला नाव, तिला जोडीदार.
ती चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकावी
याचा मला पगार मिळतो. थोडासा.

हे सांगितलं तेव्हा
बाबा बराच वेळ बशी फिरवत राहिले.
"आणि नीट निघालेल्यांचं काय करता?"
"स्पिरिटात टाकतो."
"अरेरे," म्हणाले.

माझ्या बाटल्या सध्या गोलनार सांभाळते.
एकशे चाळीस वाण,
दर दोन आठवड्यांनी जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत.
दोन खेपा चुकल्या की वाण संपला.
ती इराणची. तिचा व्हिसा एकदाच आत शिरण्याचा,
म्हणून पाच वर्षांत घरी गेलेली नाही.
भावाचं लग्न तिनं
फोन सूक्ष्मदर्शकाला टेकवून पाहिलं.
रात्री तिचा निरोप येतो:
एकशे बारा नंबरला बुरशी. वाचवते आहे.
तू घरचं जेव.
मग घास उतरत नाही.

काल दुपारी
ओट्यावरच्या काळ्या पडलेल्या केळ्यांवर
पाच-सहा चिलटं आली.
आई फडकं घेऊन धावली. मी म्हटलं, थांब.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत धरली,
तोंडाला मलमलीचा तुकडा.
बाबा उठले, कपाटातून भिंग काढून आणलं,
प्रेसमधून घरी आलेली एवढीच वस्तू,
तीही रीतसर गेटपासवर.

खिडकीच्या उन्हात बरणी धरून बसले,
अंगठा काचेवर, जुन्या सवयीनं.
लाल डोळे, सरळ पंख, पोटावर पट्टे.
"यांच्यात काही दोष दिसत नाही," म्हणाले,
जरा नाराजच.
मी हात पुढे केला तरी बरणी दिली नाही.
"थांब की.
अजून एक राहिलंय."